बायफोकलची पार्श्वभूमी: भाषेच्या जागेवर बसवलेला विषय

अकरावी सायन्सला कम्प्युटर सायन्स, इलेक्ट्रॉनिक्स, इलेक्ट्रिकल मेन्टेनन्स यातलं काही मिळावं म्हणून दरवर्षी जी पळापळ होते, ती बघून हे बायफोकल विषय इंजिनिअरिंगच्या तयारीसाठीच काढलेत असं वाटतं. सुरुवात अगदी उलट होती.

१९६४-६६ च्या शिक्षण आयोगाने सांगितलं की शाळेनंतर सगळ्यांनी डिग्रीकडे धावण्यात अर्थ नाही, अकरावी-बारावीत हाताला काम देणारं शिक्षण हवं. मग १०+२+३ आलं, आपल्याकडे नव्या पद्धतीची पहिली दहावी १९७५ ला आणि पहिली बारावी १९७७ ला झाली, आणि त्यानंतर लवकरच ज्युनिअर कॉलेजांत बायफोकल (सरकारी मराठीत द्विलक्षी) कोर्स आले. टेक्निकल गटात इलेक्ट्रिकल मेन्टेनन्स, मेकॅनिकल मेन्टेनन्स, जनरल सिव्हिल इंजिनिअरिंग, स्कूटर-मोटरसायकल सर्व्हिसिंग. कॉमर्सवाल्यांना बँकिंग, ऑफिस मॅनेजमेंट, मार्केटिंग आणि सेल्समनशिप. शिवाय शेती आणि मत्स्यव्यवसायाचे वेगळे. मुलगा पुढे शिकला तर उत्तम, नाही शिकला तर हातात कामचलाऊ कसब असावं, एवढा साधा हिशोब होता.

आता खरी मेख. नवा विषय बसवायचा तर जागा कुठून आणणार? ठरलं असं की बायफोकल २०० मार्कांचा, आणि तो घेणाऱ्याने दुसरी भाषा आणि एक ऐच्छिक विषय सोडायचा. म्हणजे सायन्सच्या मुलाने इंग्रजी ठेवायची, फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्स ठेवायचं, आणि मराठी, हिंदी किंवा संस्कृत जे काय असेल ते आणि बायोलॉजी दोन्ही बाजूला ठेवायचं. कागदावर हे सोयीचं दिसतं, पण माझ्या मते नंतरचा बहुतेक गुंता याच एका निर्णयातून आला. कारण कामाचं शिक्षण हा वाढीव भाग राहिला नाही, तो भाषेचा पर्याय झाला, आणि पर्याय म्हटला की मुलं आणि पालक बघतात ते एकच, मार्क कुठे जास्त पडतात. फिजिक्सला थिअरी ७० आणि प्रॅक्टिकल ३०, बायफोकलला दोन पेपर आणि प्रत्येकात थिअरी ५० प्रॅक्टिकल ५०, म्हणजे २०० पैकी १०० मार्क प्रॅक्टिकलचे आणि ते प्रॅक्टिकल आपल्याच कॉलेजात. मग टक्केवारीसाठी कोण निबंध आणि व्याकरण करत बसेल?

नुकसान दोन्हीकडून झालं. पंधरा-सोळाव्या वर्षी, जेव्हा मुलं खरं तर जाड पुस्तकं वाचायला लागतात, तेव्हा मराठी त्यांच्या वेळापत्रकातून गेली, आणि २०२० चा मराठी सक्तीचा कायदा पहिली ते दहावीपुरताच असल्यामुळे इथे तो काही करू शकत नाही. पुढे आयटी नावाचा १०० मार्कांचा विषय आला तोही दुसऱ्या भाषेच्याच जागेवर, ऑनलाइन परीक्षेसकट. आणि बायोलॉजी सोडलेल्या मुलाला मेडिकलचा रस्ता बंद, जो २०२३ मध्ये कुठे थोडा उघडला, आता बारावीनंतर बायोलॉजी जादा विषय म्हणून देऊन नीटला बसता येतं.

हाताच्या कामाचं काय झालं? जिथे वर्कशॉप आणि तळमळीचे शिक्षक होते तिथे मुलं खरंच वायरिंग, मोटर रिवाइंडिंग शिकली, हे नाकारता येणार नाही. पण गर्दी वळली कम्प्युटर सायन्स आणि इलेक्ट्रॉनिक्सकडे. कम्प्युटर सायन्सचा अभ्यासक्रम बघा, पहिल्या पेपरात ऑपरेटिंग सिस्टिम, डेटा स्ट्रक्चर, सी प्लस प्लस, एचटीएमएल, दुसऱ्यात ८०८५ मायक्रोप्रोसेसर, जो १९७६ चा आहे. पाया म्हणून ८०८५ शिकवायला माझी हरकत नाही, पण तेवढ्यावर कोणी नोकरी देत नाही.

मधल्या काळात केंद्राच्या १९८६ च्या धोरणाने टार्गेट ठेवलं की १९९० पर्यंत उच्च माध्यमिकची १० टक्के आणि १९९५ पर्यंत २५ टक्के मुलं व्यवसाय शिक्षणाकडे वळवायची. ते जमलं नाही, मुदत पुढे ढकलली. एमसीव्हीसी (अकरावी-बारावीचे किमान कौशल्य व्यवसाय अभ्यासक्रम) याच लाटेतलं, त्यात सायन्स-कॉमर्स जवळजवळ सोडून पूर्ण वेळ ट्रेड शिकायचा, आणि १९८६ मध्येच ॲप्रेंटिस कायदा बदलून बारावी व्होकेशनलच्या मुलांना त्यात घेतलं होतं. रोजगाराच्या मूळ कल्पनेशी प्रामाणिक हाच रस्ता होता, पण ‘सायन्सला नंबर लागला नाही म्हणून तिकडे गेला’ हा शिक्का त्याच्यावर बसला तो बसलाच.

२०२० चं नवं धोरण म्हणतं व्यावसायिक आणि पुस्तकी असा भेदच नको, २०२५ पर्यंत निम्म्या विद्यार्थ्यांना तरी व्यवसाय शिक्षणाची ओळख व्हावी. त्याच सुरात २०२१ मध्ये तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय नियामकांनी इंजिनिअरिंगच्या पात्रतेसाठी १४ विषयांची यादी दिली, त्यातले कुठलेही तीन चालतील म्हणून. यादीत कम्प्युटर सायन्स, इलेक्ट्रॉनिक्स, तांत्रिक व्यवसाय विषय तर होतेच, बिझनेस स्टडीज आणि आंत्रप्रेन्युअरशिपसुद्धा. गणिताशिवाय इंजिनिअर कसा होणार म्हणून प्रचंड ओरड झाली, मग राज्यांवर हे बंधनकारक नाही असा खुलासा आला. महाराष्ट्रात फिजिक्स आणि मॅथ्स सक्तीचेच राहिले, तिसरा विषय केमिस्ट्रीऐवजी तांत्रिक व्यवसायाचाही चालतो. पण प्रवेशासाठीच्या सीईटीच्या पीसीएम गटात प्रश्न फक्त फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्सचे. म्हणजे दोन वर्षं वर्कशॉप केलेल्या मुलाचा विषय पात्रतेच्या रकान्यात धरतात, मेरिटमध्ये नाही.