टेरेन्सच्या सुखात्मिकांची बाझल चित्रे

टेरेन्सच्या सुखात्मिकांची बाझल चित्रे : रोमन नाटककार टेरेन्स (इ. स. पू. दुसरे शतक) याच्या सुखात्मिकांतील प्रसंगांची, काष्ठठसे कोरण्यासाठी लाकडी ठोकळ्यांवर लेखणीने केलेली रेखाटने. आजच्या स्वित्झर्लंडमधील बाझल येथे ती साधारणपणे १४९२ च्या सुमारास झाली असावीत. बहुतेक अभ्यासक ती जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूरर (१४७१–१५२८) याची मानतात. सव्वाशेहून अधिक ठोकळे बाझलच्या कलासंग्रहालयात आहेत.

या ठोकळ्यांपैकी फार थोडे कोरले गेले आणि त्यांचे महत्त्व नेमके त्यातच आहे. काष्ठठशाच्या पद्धतीत चित्रकार पांढऱ्या थराने सारवलेल्या लाकडावर रेषा काढतो. कोरणारा कारागीर रेषांमधली जागा खोदून काढतो आणि रेषा उंच ठेवतो. काम पुरे झाले की मूळ रेखाटन उरत नाही, उरतो तो कारागिराच्या हातून गेलेला ठसा. बाझलच्या ठोकळ्यांवर मात्र शाईची रेषा काढली तशीच आहे. छपाईत चित्र उलटे उमटते, त्यामुळे ठोकळ्यावरची मांडणी म्हणजे वाचकासाठी योजलेल्या चित्राची आरशातली बाजू होय.

टेरेन्सची सहाही नाटके उपलब्ध असून लॅटिन शिकवण्यासाठी ती मध्ययुगात सतत वाचली जात. प्रत्येक प्रवेशाच्या आरंभी पात्रांचे चित्र देण्याची प्रथा जुनी आहे. व्हॅटिकनमधील नवव्या शतकातील प्रसिद्ध हस्तलिखितात पात्रे मुखवटे घालून उभी आहेत. ती चित्रे प्राचीन काळाच्या अखेरीच्या एखाद्या नष्ट झालेल्या प्रतीवरून उतरवली असावीत. छपाईच्या काळात १४८६ मध्ये जर्मनीतील उल्म येथे टेरेन्सच्या ‘युनुकस’ या नाटकाचा सचित्र जर्मन अनुवाद निघाला. बाझलच्या चित्रकाराने तो पाहिला असणे शक्य आहे.

कर्तृत्वाचा वाद १८९२ पासूनचा आहे. त्या वर्षी कलेतिहासकार डॅनिएल बुर्कहार्ट यांनी ड्यूररच्या बाझलमधील वास्तव्यावर ग्रंथ लिहून ही रेखाटने त्याची ठरवली. नुरेम्बर्गला मिखाएल वोल्गेमुटकडे उमेदवारी संपवून ड्यूरर १४९० मध्ये भटकंतीस निघाला व १४९४ मध्ये परतला. मधल्या काळात तो बाझलला होता याचा सर्वांत बळकट पुरावा म्हणजे संत जेरोमच्या पत्रांच्या १४९२ च्या आवृत्तीसाठी कोरलेला ठसा. त्याच्या पाठीवर ड्यूररने आपले नाव व गाव लिहिले आहे. शिवाय ही रेखाटने ज्या टेरेन्स-आवृत्तीसाठी होती ती योजणारा बाझलचा मुद्रक योहान आमरबाख हा ड्यूररचा धर्मपिता, नुरेम्बर्गचा मुद्रक आंटोन कोबर्गर याच्या व्यवसायातील परिचयाचा होता. विरोधी पक्षाचे प्रतिनिधी कलेतिहासकार वेर्नर वाइसबाख. त्यांनी ही व बाझलमधील इतर चित्रे एका अनामिक स्थानिक कलावंताकडे सोपवली. त्यांच्या बाजूने एवढे म्हणता येते की जेरोमच्या कोरलेल्या ठशाशी लेखणीच्या रेषेची तुलना सरळ होत नाही. ठशात कोरणाऱ्या कारागिराच्या सुरीचाही वाटा असतो. संचाची गुणवत्ता सर्वत्र सारखी नाही, हेही खरे. काही ठोकळ्यांवर साहाय्यकांचा हात असू शकेल. तरी झाडे, गवताची छटा आणि अंगरख्याच्या चुण्या ड्यूररच्या आरंभीच्या लेखणीचित्रांच्या इतक्या जवळ जातात की बुर्कहार्ट यांचेच मत अधिक ग्राह्य वाटते. पुढे कलेतिहासकार एर्विन पॅनोफ्स्की यांनीही ते स्वीकारले.

चित्रांत मुखवटे नाहीत, रोमन पोशाखही नाहीत. म्हातारे बाप लांब झग्यात, तरुण घट्ट विजारी घालून केस मोकळे सोडलेले : अथेन्समध्ये घडणारी ही नाटके पंधराव्या शतकातील जर्मन नगराच्या रस्त्यावर आली आहेत. बहुधा दोनतीन माणसे बोलत उभी असतात. कथानक हातांच्या हालचालींवरूनच ओळखायचे. आरंभासाठी योजलेल्या चित्रात डोक्यावर पानांची माळ घातलेला टेरेन्स उघड्या निसर्गात बसून लिहितो आहे. संचातील हे सर्वांत मोकळे चित्र. त्यात नाट्यगृहाचा मागमूस नाही; हा नाटककार रंगमंचासाठी नव्हे, वाचनासाठीच लिहितो असे वाटावे.

आमरबाखची आवृत्ती निघाली नाही. १४९३ मध्ये फ्रान्समधील लियों येथे मुद्रक योहान ट्रेक्सेलने दीडशेहून अधिक चित्रांसह टेरेन्स छापला, आणि बाजारपेठ हातची गेल्याने आमरबाखने काम सोडले, असा तर्क केला जातो. लियोंच्या चित्रांत पडदे लावलेली दालने असून वर पात्रांची नावे आहेत. म्हणजे तिथे निदान रंगमंचाची कल्पना आहे. १४९६ मध्ये ष्ट्रासबुर्गच्या योहान ग्र्यूनिंगर या मुद्रकाने आणखी काटकसरीचा मार्ग काढला : माणसे, झाडे व घरे यांचे सुटे ठसे करून प्रत्येक प्रवेशासाठी ते नव्याने जुळवले. बाझलचे ठोकळे मात्र आमरबाख घराण्याच्या संग्रहात राहिले व १६६१ मध्ये नगराने तो संग्रह विकत घेतला तेव्हा सार्वजनिक मालकीचे झाले.