एकच मॅच की दोन?

लाइट गेली की आमच्याकडं कोल्हापुरात काडेपेटीची शोधाशोध सुरू. परवा भाच्याला ती देव्हाऱ्यामागं सापडली. काडी ओढता ओढता म्हणाला, "मावशी, हिलाबी मॅच म्हणत्यात, आन् शाहू स्टेडियमवर पाटाकडील-दिलबहारची फुटबॉल असती तीबी मॅच. एका शब्दाचं दोन अर्थ कसं काय?"

अर्थ दोन नव्हेत बाळा, शब्दच दोन आहेत. खेळाची मॅच जुन्या इंग्रजीतल्या 'जोडीदार', 'तोडीस तोड' अशा अर्थाच्या शब्दातून आली. महाद्वार रोडला साडीचा काठ धरून मॅचिंग ब्लाऊजपीस निवडतो, ती मॅचही हीच, जोड जमवणारी. काडीची मॅच मात्र फ्रेंचमधून आली आणि तिचा मूळ अर्थ दिव्याची वात. आमच्या गल्लीत दोन पिंट्या आहेत, एक गवंडी, दुसरा दूधवाला. नाव एक, घरं दोन. तसंच हे. फोनची रिंग आणि बोटातली रिंग यांचंही तेच. रिंग रोड मात्र बोटातलीच्या घरचा.

दुसरी जात अनेकार्थी शब्दांची, आणि खरी मजा तिथं आहे. 'चार्ज' घ्या. मोबाईल चार्जिंगला लावतो, हॉटेलवाला पार्सलचा जादा चार्ज लावतो, नवे साहेब चार्ज घेतात, पोलीस चार्जशीट दाखल करतात. कशाचा कशाला मेळ नाही असं वाटतं. पण शब्द एकच, लॅटिनमधल्या 'गाडीत माल लादणे' या क्रियापदातून उतरलेला. 'कार्गो' त्याचा भाऊबंद. आता आपले मराठी शब्द शेजारी मांडा: विद्युतभार, अधिभार, पदभार. भार सगळीकडं आहेच! आणि आरोपसुद्धा आपण कुणावर तरी ठेवतोच की.

मराठीतल्या 'वर'मध्ये तर दोन्ही जाती सापडतात. नवरदेव वर आणि देवानं दिलेला वर, दोन्ही संस्कृतातल्या 'निवडणे' या धातूचे. माडीवरचा 'वर' मात्र 'उपरि'चा.

ओळखायचं कसं? चांगला इंग्रजी कोश उघडा. अनेकार्थी शब्दाची नोंद एकच असते आणि अर्थ खाली 1, 2, 3 असे उतरत जातात. शब्दच निराळे असतील तर नोंदी वेगळ्या आणि प्रत्येकीला बारीक आकडा चिकटवलेला. ऑक्सफर्डच्या 1989च्या मोठ्या कोशात 'सेट' या क्रियापदाचे चारशेवर अर्थ आहेत. घाबरू नका, त्यातल्या सात-आठांवर जन्म निघतो.

ही खूण सोयीची, पण 'बँक'पाशी अडखळते. नदीकाठची बँक आणि पैशाची बँक यांना कोश वेगळ्या नोंदी देतो. पैशाची बँक इटालियन सराफाच्या बाकावरून आली, काठाची उत्तर युरोपातल्या भाषांतून. खूप मागं गेलं तर दोघींचं मूळ जर्मानिक, म्हणजे इंग्रजी-जर्मनच्या घराण्यातल्या, एकाच शब्दापाशी पोचतं. पुस्तकात हमखास असणारं हे उदाहरण मी भाच्याला दिलंच नाही. नाहीतर लाइट येईपर्यंत पंचगंगेच्या काठावरच बसलो असतो.