कुत्र्यांवरील गोचिडांसाठी वनस्पतिजन्य उपाय

कुत्र्यांच्या अंगावरील गोचीड मारण्यासाठी, त्यांना दूर ठेवण्यासाठी किंवा त्यांची वाढ रोखण्यासाठी वनस्पतींच्या बिया, पाने व फुलांपासून काढलेले अर्क आणि तेले वापरण्याची पद्धत. कडुनिंब, करंज, सीताफळ, वेखंड, निरगुडी, गवती चहा व निलगिरी या त्यांपैकी नेहमीच्या वनस्पती.

भारतात कुत्र्यांवर प्रामुख्याने तपकिरी गोचीड (रिपिसेफॅलस सँग्विनियस) आढळतो. सहा पायांची अळी, आठ पायांची पिल्लावस्था आणि प्रौढ अशा तिन्ही टप्प्यांत तो कुत्र्यावर चढून रक्त पितो. पहिल्या दोन टप्प्यांत पोट भरले की तो खाली उतरतो आणि आडोशाला जाऊन कात टाकतो. कानाची आतली बाजू, बोटांमधल्या बेचक्या आणि गळपट्ट्याखालची कातडी या त्याच्या आवडत्या जागा. रक्त पिऊन वाटाण्याएवढी फुगलेली करडी मादी भिंतीच्या भेगेत किंवा दाराच्या चौकटीमागे शिरून हजारांच्या संख्येने अंडी घालते आणि मरते. त्यामुळे घरातले बहुतांश गोचीड कोणत्याही एका वेळी कुत्र्यावर नसतात, घरातच दडलेले असतात. नुसत्या कुत्र्याला लावलेला उपाय, मग तो पाल्याचा असो की दुकानातला, यामुळेच तोकडा पडतो.

सर्वाधिक अभ्यास कडुनिंबाचा झाला आहे. त्यातील अझाडिरॅक्टिन हे द्रव्य १९६८ मध्ये निंबोळीच्या बियांतून वेगळे करण्यात आले. कीटक व गोचिडांच्या कात टाकण्याच्या आणि अंडी घालण्याच्या क्रियेत ते अडथळा आणते. ते झटपट मारणारे विष नव्हे. त्याचा परिणाम पुढच्या पिढीच्या संख्येवर दिसतो. पाला उकळून त्या पाण्याने कुत्र्याला आंघोळ घालण्याची रीत घरोघरी आहे, पण अझाडिरॅक्टिन मुख्यतः बीत असते, पानात अगदी थोडे, आणि उष्णतेने व उन्हाने त्याचा नाश होतो. पिकांसाठी ५ टक्के निंबोळी अर्क करणारे शेतकरी बियांची भरड रात्रभर साध्या पाण्यात भिजवतात, फडक्यातून गाळतात आणि संध्याकाळी फवारतात, त्यामागचे कारण हेच. गोचिडांच्या बाबतीत अशा अर्काचा खरा उपयोग कुत्र्याच्या झोपण्याच्या जागेभोवती, भेगाफटींत आणि अंगणात होतो.

सीताफळाच्या बियांतील ॲसिटोजेनिन द्रव्ये पेशींची ऊर्जानिर्मिती थांबवतात. बियांची पूड डोक्यातल्या उवांसाठी पूर्वापार वापरली जाते, आणि तिचा कण डोळ्यात गेल्यास बुबुळाच्या पारदर्शक पडद्याला गंभीर इजा होते. कुत्रा अंग झटकतो, पंजाने तोंड खाजवतो. त्याच्या अंगावर ही पूड टाकणे सर्वथा टाळावे. निलगिरी व गवती चहाची तेले वासाने गोचिडांना काही तास दूर ठेवतात, त्यापलीकडे त्यांच्याकडून फारशी अपेक्षा धरू नये.

प्रयोगशाळेत फुगलेल्या माद्या काही मिनिटे अर्कात बुडवून नंतर त्यांनी घातलेली अंडी मोजतात. या चाचणीत अनेक वनस्पतींचे निकाल चांगले येतात. कुत्र्याच्या अंगावर मात्र अर्क केसांतच अडकतो, उडून जातो, आणि उरलेला कुत्रा चाटतो. बाटलीतले यश अंगावर जसेच्या तसे उतरत नाही ते त्यामुळे.

वनस्पतिजन्य म्हणजे निर्धोक ही समजूत अनेक मुक्या जिवांना भोवते. तंबाखूच्या पाण्यातले निकोटिन कातडीतूनही शरीरात भिनते. टी ट्री या ऑस्ट्रेलियन झाडाचे पातळ न केलेले तेल लावल्याने कुत्र्यामांजरांना लडखडणे, थरथर असे त्रास होतात. पायरेथ्रम शेवंतीच्या जातीच्या फुलांपासून मिळते; त्याच्या धर्तीवर बनवलेले परमेथ्रिन कुत्र्यांना चालते, पण मांजरांसाठी जीवघेणे ठरते. लहान पिल्ले व गाभण कुत्री यांच्यावर कोणताही अर्क पशुवैद्यकाला विचारल्याशिवाय वापरू नये.

अंगावरचा गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावा. रॉकेल लावू नये, चटका देऊ नये, हाताने चिरडू नये. गोचिडांमार्फत एर्लिकिया व बबेसिया या रोगजंतूंची लागण होते. ताप, अन्नावरची वासना उडणे, फिक्या हिरड्या, नाकातून रक्त किंवा गडद लघवी दिसल्यास रक्ततपासणी करून औषधोपचार लागतात. या आजारांवर अर्कांचा उपयोग नाही.