हरभऱ्याच्या झाडावर चढवणारे फसवे ईमेल

मेल वाचणाऱ्याची तोंडभर स्तुती करायची, त्याला पुरस्कार, पद किंवा प्रसिद्धी देऊ करायची आणि तो खुश झाला की मग त्याच्याकडून पैसे किंवा माहिती काढायची, अशा मेलबद्दलची ही नोंद. खातं बंद होणार, लॉटरी लागली असले मेल भीतीवर नाहीतर लोभावर चालतात, हे मेल चालतात मान मिळण्याच्या इच्छेवर, आणि ती इच्छा हुशार, कष्टाळू माणसातही असतेच. म्हणून प्राध्यापक, डॉक्टर, लेखक, छोटे उद्योजक यांच्याच इनबॉक्समध्ये ते जास्त येतात. यात फसलेला माणूस मूर्ख नसतो, बरेचदा त्याच्या कामाची कुणी कधी दखलच घेतलेली नसते आणि नेमकी तीच जागा हे लोक पकडतात.

रूपं बरीच आहेत. 'वर्षातील सर्वोत्कृष्ट नेतृत्व' छाप पुरस्कार, नामवंतांच्या यादीत नाव, मानद डॉक्टरेट, 'तुमचं विकिपीडियावर पान असायला हवं' म्हणणारे एजंट, पॉडकास्टला पाहुणे म्हणून बोलावून आधी स्क्रीन शेअर करायला लावणारे आणि तेवढ्यात फेसबुक पेजचा ताबा घेणारे, किंवा तुमचं इन्स्टाग्राम अकाउंट ब्लू टिकसाठी पात्र ठरलंय सांगून पासवर्ड मागणारे. नावाचा समावेश फुकट म्हणतात, पण नंतर ट्रॉफी, जाडजूड ग्रंथ, समारंभाचं टेबल हे सगळं विकतच घ्यायचं असतं.

सगळ्यात जास्त नोंदला गेलेला प्रकार म्हणजे संशोधकांना येणारे मेल. छापलेल्या पेपरवर, म्हणजे शोधनिबंधावर, लेखकाचा ईमेल बहुतेक वेळा असतोच, सॉफ्टवेअर तो उचलतं, पेपरचं शीर्षक मजकुरात चिकटवतं आणि 'आदरणीय, ख्यातनाम प्राध्यापक' म्हणून जर्नलच्या (शोधनिबंध छापणाऱ्या नियतकालिकाच्या) संपादक मंडळाचं किंवा कॉन्फरन्समध्ये मुख्य वक्ता होण्याचं आमंत्रण जातं, मग बालरोगतज्ज्ञाला काँक्रीटवरच्या परिषदेचं बोलावणंही येतं. २०१५ मध्ये पोलंडच्या काही संशोधकांनी हे उलट्या बाजूने तपासलं, 'अ‍ॅना ओ. शुस्ट' नावाची अस्तित्वातच नसलेली शास्त्रज्ञ तयार केली, मधलं अक्षर आणि आडनाव यांत मिळून 'ओशुस्ट' म्हणजे पोलिश भाषेत ठग हा शब्द लपवला, आणि तिला संपादक करा म्हणून ३६० जर्नलना अर्ज पाठवले. ४८ जर्नलनी तिला घेतलं, त्यातली ४० संशयास्पद जर्नलच्या यादीतली होती आणि ८ चांगल्या मानल्या जाणाऱ्या ओपन अ‍ॅक्सेस (वाचकांना फुकट वाचता येणाऱ्या) जर्नलच्या यादीतली, म्हणजे नुसतं यादीत नाव बघून निर्धास्त होता येत नाही. पैशाची बाजू अमेरिकेतल्या एका खटल्यात उघड झाली. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे ग्राहकांची फसवणूक रोखणाऱ्या सरकारी संस्थेने, २०१६ मध्ये हैदराबादच्या ओमिक्स या प्रकाशन कंपनीवर तो दाखल केला होता, पेपर स्वीकारेपर्यंत तो छापायची फी न सांगणं आणि नामवंतांची नावं परवानगीशिवाय वापरणं हे त्यातले आरोप, आणि २०१९ मध्ये कोर्टाने ५ कोटी डॉलरहून जास्त रक्कम भरायचा आदेश दिला.

ओळखायचं कसं? जुनी युक्ती अशी की मेलमधलं आपलं नाव काढून दुसऱ्या कुणाचं टाकून बघायचं, कौतुक तरीही तसंच लागू पडत असेल तर ते आपलं नव्हतंच. पण एआय आल्यापासून ही युक्ती कमी पडते, आता लेखकांना त्यांच्या पुस्तकातल्या पात्रांची नावं घेऊन, प्रसंग सांगून लिहिलेले मेल येतात आणि ते खरोखर वाचूनच लिहिल्यासारखे वाटतात. त्यामुळे माझ्या मते सगळ्यात भरवशाचा प्रश्न एकच, पैसे कुठून कुठे जातायत? खरा पुरस्कार विजेत्याकडून फी घेत नाही, खरा साहित्यिक एजंट, म्हणजे लेखकासाठी प्रकाशक शोधणारा मध्यस्थ, पुस्तक प्रकाशकाला विकलं गेल्यावर कमिशन घेतो, आधी 'मार्केटिंग पॅकेज' मागत नाही. मात्र प्रामाणिक ओपन अ‍ॅक्सेस जर्नलही छपाईची फी घेतात, तेव्हा नुसती फी म्हणजे फसवणूक नव्हे, फरक एवढाच की ती वेबसाइटवर आधीच उघड लिहिलेली असते, हो म्हटल्यावर बाहेर येत नाही.

बाकी खुणा छोट्या, पण उपयोगी. मोठ्या संस्थेचं नाव आणि पत्ता मात्र जीमेलचा, निवड का झाली याबद्दल अवाक्षर नाही, ४८ तासांत कळवा अशी घाई, परीक्षकांची नावं कुठेच नाहीत. आयएसएसएन (नियतकालिकाचा ओळख क्रमांक) किंवा डीओआय (लेखाचा ओळख क्रमांक) बघून भुलू नये, त्याने दर्जा सिद्ध होत नाही. मेलमधल्या लिंकवर न जाता संस्थेची वेबसाइट आपण स्वतः शोधावी, आणि मंडळावर ज्यांची नावं दिलीत त्यांच्यापैकी एकाला त्याच्या विद्यापीठाच्या पत्त्यावर सरळ विचारावं.

पैसे गेलेच असतील तर लाजेपोटी गप्प बसू नये, लगेच बँकेला कळवावं, पासवर्ड बदलावेत, मेल डिलीट न करता पुरावा म्हणून ठेवावेत. आणि पुढचे काही महिने सावध राहावं, कारण एकदा फसलेल्यांची नावं पुढे विकली जातात आणि मग 'तुमचे बुडालेले पैसे परत मिळवून देतो, फक्त प्रोसेसिंग फी भरा' असा दुसरा मेल येतो.