घरचा मीडिया सर्व्हर स्वतःच्या नावावर करून घ्या
(प्लेक्स सर्व्हर बसवलेल्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

प्लेक्स म्हणजे घरच्या डिस्कवरचे सिनेमे, फोटो, व्हिडिओ टीव्ही-फोनवर दाखवणारा प्रोग्राम, आणि तो ज्यावर चालतो तो डबा म्हणजे सर्व्हर. हा सर्व्हर बसवून झाला, टीव्हीवर घरच्या लग्नाची शूटिंग दिसली, की बहुतेक घरांत एकच प्रश्न येतो. "डबा आमच्या घरात, हार्डडिस्क आमची, मंग हे ऑनलाइन खातं काहून पायजे?" प्रश्न अगदी रास्त आहे. घाईत बसवून देताना त्याचं नीट उत्तर देणं होत नाही, म्हणून हे पत्रक.

खातं जोडेपर्यंत सर्व्हरला आपला मालक कोण हेच ठाऊक नसतं. घरच्या वायफायवर जो कुणी आहे तो त्याच्या लेखी मालकच. आता आपल्याकडची घरं बघा. खाली मालक, वर भाड्याने राहणारी कॉलेजची पोरं, आणि वायफाय दोन्ही मजल्यांना मिळून एकच. उन्हाळ्याच्या सुटीत आलेल्या भाचे कंपनीला पासवर्ड दिलेला असतो, कूलर दुरुस्त करायला आलेल्यालाही कधी तरी दिलेला असतो. यातल्या कुणीही ब्राउझरमध्ये सर्व्हरचा पत्ता टाकला, तर थेट सेटिंग्ज उघडतात. एवढंच नाही, त्याने स्वतःच्या खात्याने साइन इन करून 'क्लेम' दाबलं, तर सर्व्हर त्याच्या नावावर होतो आणि तुम्ही पाहुणे ठरता. प्लॉट तुमचा, पण आखीव पत्रिकेवर नाव दुसऱ्याचं, तसा प्रकार.

"त्यात आहे काय, पिच्चरच तर आहेत," असं म्हणणाऱ्यांना आम्ही एक गोष्ट दाखवतो. सेटिंग्जमध्ये जाऊन नवी लायब्ररी जोडायला घेतली, की फोल्डर निवडायची खिडकी उघडते. त्या खिडकीत फक्त सिनेमांचं फोल्डर नसतं, त्या कॉम्प्युटरवरची इतर फोल्डरंही दिसतात. घरचा जुना कॉम्प्युटरच सर्व्हर म्हणून वापरला असेल, तर त्यात आधारकार्डाचे स्कॅन असतात, मुलीच्या अ‍ॅडमिशनची कागदपत्रं असतात, घराच्या रजिस्ट्रीचे फोटो असतात. ते फोल्डर 'फोटो लायब्ररी' म्हणून जोडलं की सगळे स्कॅन मोठ्या पडद्यावर. हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की खात्याबद्दलचा वाद मिटतो.

खात्याचा दुसरा फायदा सहसा कुणाला सांगितला जात नाही. सर्व्हर खात्याला जोडला, की त्याला स्वतःचं सुरक्षा प्रमाणपत्र मिळतं आणि तुमच्या फोन-टीव्हीशी होणारं त्याचं बोलणं कुलूपबंद होतं. म्हणजे वाटेत कुणी कान लावला तरी त्याला काही कळत नाही. खातं नसलेल्या सर्व्हरला हे प्रमाणपत्र मिळत नाही. क्वचित एखादा राउटर या जोडणीलाच संशयाने अडवतो. मग ॲपला घरातलाच सर्व्हर सापडत नाही आणि दोष सर्व्हरवर येतो. तसं झालं तर कळवा, राउटरमधली ती एक सेटिंग आम्ही बदलून देतो.

आणि हो, खातं जोडलं म्हणजे तुमचे व्हिडिओ कंपनीकडे गेले असं नाही. फाइल्स तुमच्याच डिस्कवर राहतात. कंपनीकडे तुमचा ईमेल, सर्व्हरचं नाव-पत्ता, कुणाला काय दाखवायची परवानगी दिली ती यादी, अशा गोष्टी जातात. तेवढंही नको असेल, तर त्याचा मार्ग पुढे सांगितला आहे.

खातं तुमच्या ईमेलवर, आमच्या नाही

बाजारात बसवून देणारे काही जण सोय म्हणून स्वतःच्याच खात्यावर ग्राहकाचा सर्व्हर चढवतात. ग्राहकालाही बरं वाटतं, पासवर्ड लक्षात ठेवायची कटकट नाही. आमच्या मते ही सगळ्यात वाईट पद्धत. उद्या त्या माणसाने धंदा बंद केला, किंवा तुमचं-त्याचं बिनसलं, तर सर्व्हरची किल्ली त्याच्याकडेच राहते. आणि त्याचं एक खातं फुटलं, की त्याने बसवलेली सगळी घरं एकदम उघडी. म्हणून आम्ही खातं नेहमी ग्राहकाच्या ईमेलवर, ग्राहकाच्याच हातून उघडून घेतो. पासवर्ड टाकताना आमचा माणूस तोंड फिरवून उभा राहील. नाही राहिला, तर त्याला तसं सांगा.

घरात ईमेल कुणाचा द्यायचा, यावरही जरा विचार करा. मुलगा पुण्याला नोकरीला आहे, त्याला समजतं, म्हणून त्याचा ईमेल दिला जातो. मग इकडे काही अडलं की तो मीटिंगमधून मोकळा होईस्तोवर सगळे खोळंबलेले. घरात जो रोज राहतो आणि ज्याचा मोबाइल नंबर बदलणार नाही, त्याच्या ईमेलवर खातं असावं. मुलाला नंतर वेगळं आमंत्रण पाठवता येतं.

जोडायचं कसं

हे काम घरी बसूनच, सर्व्हर ज्या वायफायवर आहे त्याच वायफायवरून करायचं. ऑफिसातून किंवा मोबाइल डेटावरून जमत नाही, आणि ते मुद्दामच तसं ठेवलेलं आहे, नाहीतर दुनियेतल्या कुणालाही तुमचा सर्व्हर नावावर करता आला असता. डब्यावर आम्ही पांढरं स्टिकर लावलेलं आहे, त्यावर सर्व्हरचा पत्ता आहे. त्यात मधे ३२४०० हा आकडा दिसेल, तो प्लेक्सचा दरवाजा क्रमांक (पोर्ट). तो पत्ता जसाच्या तसा ब्राउझरमध्ये टाका, तुमच्या ईमेल-पासवर्डने साइन इन करा, सेटिंग्जमध्ये 'जनरल' या पानावर जा. तिथे 'क्लेम सर्व्हर' असं बटण दिसलं तर ते दाबा. बटणच दिसत नसेल आणि तुमचं नाव दिसत असेल, तर काम आधीच झालेलं आहे.

सर्व्हरला नाव द्यायची वेळ येते तेव्हा आडनाव आणि फ्लॅट नंबर टाकू नका. 'बैठकीची खोली' असलं साधं नाव पुरे.

ज्यांच्याकडे नॅस (नेटवर्कला जोडलेला डिस्कचा डबा) आहे किंवा सर्व्हर डॉकरमध्ये (प्रोग्राम वेगळ्या बंद कप्प्यात चालवायची सोय) चालतो, त्यांना वेगळी पद्धत लागते. प्लेक्सच्या वेबसाइटवर साइन इन करून एक तात्पुरता कोड घ्यायचा आणि सर्व्हरच्या सेटिंगमध्ये चिकटवायचा. हा कोड फक्त ४ मिनिटं चालतो. म्हणून आधी सगळं तयार ठेवा, कोड सगळ्यात शेवटी घ्या. कोड काढून चहा घ्यायला गेलात, तर परत नवीन काढावा लागतो.

वादळात लाइट गेली, राउटर बंद होऊन चालू झाला, आणि स्टिकरवरचा पत्ता चालेनासा झाला, असं पूर्वी फार व्हायचं, कारण राउटर डब्याला नवा पत्ता देऊन मोकळा व्हायचा. आता आम्ही बसवतानाच राउटरमध्ये तो पत्ता राखून ठेवतो. राउटर नवा घेतलात तर मात्र ते परत करावं लागतं.

दुसरं कुलूप

नुसता पासवर्ड पुरत नाही. प्लेक्सकडून ग्राहकांच्या खात्यांची माहिती चोरीला गेल्याचं ऑगस्ट २०२२ मध्ये आणि पुन्हा सप्टेंबर २०२५ मध्ये कंपनीनेच जाहीर केलं. ईमेल, युजरनेम आणि थेट वाचता येऊ नयेत अशा रूपात बदलून ठेवलेले (हॅश केलेले) पासवर्ड त्यात होते, आणि दोन्ही वेळा कंपनीने पासवर्ड बदलायला सांगितलं. म्हणजे पासवर्ड फुटू शकतो हे धरूनच चालायचं. खात्याच्या पानावर 'टू फॅक्टर' चालू करा. मग साइन इन करताना पासवर्डासोबत फोनवरच्या ऑथेंटिकेटर ॲपमधला सहा आकडी कोड लागतो, जो दर ३० सेकंदांनी बदलतो. ते चालू करताना जे रिकव्हरी कोड मिळतात, ते कागदावर लिहून कपाटात ठेवा. त्याच फोनमध्ये स्क्रीनशॉट काढून ठेवणं काही कामाचं नाही, कारण फोन हरवला की दोन्ही गेले.

पासवर्ड बदलताना एक खूणपेटी येते, 'जोडलेली सगळी उपकरणं साइन आउट करा'. चोरी झाल्यावर ती निवडणंच बरोबर. पण लक्षात घ्या, त्या उपकरणांत तुमचा सर्व्हरही येतो. पासवर्ड बदलल्यावर "सर्व्हरच गायब झाला" म्हणून फोन येतात, ते यामुळेच. काही गायब झालेलं नसतं. घरी बसून, स्टिकरवरच्या पत्त्यावर जाऊन, सर्व्हर पुन्हा क्लेम करायचा. सिनेमे आणि लायब्रऱ्या होत्या तशाच मिळतात. कधी कधी क्लेमचं बटण येत नाही, कारण सर्व्हरच्या आत जुन्या जोडणीची नोंद चिकटून राहिलेली असते. ती काढणं थोडं नाजूक काम आहे, त्यासाठी आम्हाला बोलवा. सर्व्हर मुळापासून नव्याने टाकू नका, कुठवर पाहिलं त्याच्या सगळ्या नोंदी जातील.

अपडेट टाळू नका

खातं आणि अपडेट या दोन वेगळ्या गोष्टी वाटतात, पण एका गाजलेल्या प्रकरणात दोन्ही एकत्र आल्या. लास्टपास ही पासवर्ड सांभाळणारी अमेरिकन कंपनी. २०२२ मध्ये तिच्यात मोठी चोरी झाली. चोर शिरले ते एका इंजिनिअरच्या घरच्या कॉम्प्युटरमधून, आणि त्या कॉम्प्युटरवर प्लेक्सची जुनी आवृत्ती होती. ज्या भोकातून ते आत आले, ते प्लेक्सने मे २०२० मध्येच बुजवलं होतं. त्या माणसाने अपडेट घेतलंच नव्हतं. आणि त्या भोकाचा वापर करायला आधी सर्व्हरच्या मालकाच्या खात्यात शिरता यावं लागत होतं. म्हणजे खातं मजबूत असतं किंवा अपडेट घेतलेलं असतं, दोन्हीपैकी एक जरी असतं, तरी तो रस्ता बंद होता.

म्हणून सर्व्हरवर 'अपडेट उपलब्ध' असं दिसलं तर ते घ्या. सिनेमा अर्ध्यावर आहे म्हणून रात्री घ्या, पण घ्या. नॅसवाल्यांनी विशेष लक्ष द्यावं, नॅसच्या स्वतःच्या ॲप दुकानात नवी आवृत्ती उशिरा येते.

दोन सेटिंग्ज, ज्यांना आम्ही हात लावू देत नाही

नेटवर्कच्या पानावर 'साइन इनशिवाय परवानगी असलेले पत्ते' अशी एक चौकट आहे. इंटरनेट बंद असतानाही टीव्ही चालावा म्हणून कुणी तरी तिथे अख्ख्या घरच्या नेटवर्कचा पत्ता टाकायला सांगतं. तसं केलं, की वर सांगितलेली भाडेकरूंची गोष्ट परत सुरू, खातं जोडून उपयोग शून्य. ती चौकट रिकामी ठेवा. अगदीच नड असेल तर एकट्या टीव्हीचा पत्ता टाकून देऊ.

दुसरी म्हणजे 'सिक्युअर कनेक्शन', वर सांगितलेलं कुलूपबंद बोलणं ठरवणारी. ती 'डिसेबल्ड' करू नका. फार जुना टीव्ही अडून बसला तर 'प्रेफर्ड'वर ठेवा. आमचा सल्ला विचाराल, तर टीव्हीला नवी स्टिक लावा.

बाहेरगावाहून बघायचं असेल तर

मुलगी बंगळुरूला आहे, तिला घरच्या गणपतीचे व्हिडिओ बघायचे आहेत. तिला तुमचा पासवर्ड देऊ नका. तिचं वेगळं खातं काढा आणि तिच्या ईमेलवर फक्त त्या लायब्ररीचं आमंत्रण पाठवा. घरातल्या लहान मुलांसाठी पिन असलेली वेगळी प्रोफाइल करता येते.

पैशांचं आधीच सांगून टाकतो. २९ एप्रिल २०२५ पासून प्लेक्सने घराबाहेरून बघण्याला पैसे लावले आहेत. एक तर मालकाकडे प्लेक्स पास हवा, नाहीतर बघणाऱ्याकडे रिमोट वॉच पास. घरच्या वायफायवर बघायला काही लागत नाही. हे पैसे आम्ही घेत नाही आणि त्यात आमचा वाटाही नाही.

पैसे भरूनही चित्र अडकत असेल, तर दोष बहुधा इंटरनेट जोडणीच्या प्रकाराचा असतो. बऱ्याच ब्रॉडबँड आणि ५जी जोडण्यांत अनेक घरांना मिळून एकच बाहेरचा पत्ता दिलेला असतो, त्यामुळे बाहेरून तुमच्या घरापर्यंत थेट वाट नसते. राउटरच्या पानावर इंटरनेटचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांच्या दरम्यान सुरू होत असेल, तर तुमचं तेच आहे. तेव्हा प्लेक्स आपल्या मधल्या सर्व्हरवरून व्हिडिओ पाठवतं, आणि तिथे वेग जास्तीत जास्त २ एमबीपीएस. घरचे व्हिडिओ चालतात, मोठा सिनेमा नाही. इंटरनेटवाल्याकडून स्टॅटिक आयपी (फक्त तुमच्या घराचा, न बदलणारा पत्ता) घेणं किंवा व्हीपीएन (बाहेरून घरच्या नेटवर्कमध्ये यायची खाजगी, कुलूपबंद वाट) बसवणं, हे त्यावरचे नेहमीचे उपाय. राउटरमध्ये पोर्ट उघडून देणारे 'एक्स्पर्ट' अशा जोडणीवर पैसे घेऊन जातात आणि काहीच बदलत नाही.

मे महिन्यात आणखी एक कारण असतं. पारा ४५ वर गेला, की घरातलं कुणी तरी "डबा लय तापून राहिला" म्हणून प्लग काढून ठेवतं. बाहेरगावी असलेल्याला 'सर्व्हर उपलब्ध नाही' दिसतं आणि तो खात्याच्या मागे लागतो. आधी घरी फोन करून डब्यावरचा लाल दिवा पेटतो आहे का, ते विचारा.

कंपनीचं खातंच नको असेल तर

मग जेलीफिन हा प्लेक्ससारखाच दुसरा प्रोग्राम वापरा, आम्ही तेही बसवून देतो. ते मोफत आणि मुक्त (ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो असं) आहे, आणि त्याची खाती तुमच्याच डब्यावर राहतात, बाहेर कुणाकडे नोंद जात नाही. पण मग सुरक्षेची सगळी जबाबदारीही तुमचीच. बसवताना ॲडमिनला भक्कम पासवर्ड द्या, आणि बाहेरून बघायचं असेल तर व्हीपीएनमधूनच बघा. जेलीफिनचा ८०९६ हा दरवाजा राउटरमधून थेट इंटरनेटवर उघडून द्यायला आम्ही नकार देतो, कितीही आग्रह केला तरी.

डबा विकताना किंवा बदलताना

जुना डबा विकायचा, भाच्याला द्यायचा किंवा एक्स्चेंजमध्ये टाकायचा असेल, तर आधी सर्व्हरवरून साइन आउट करा, मग खात्याच्या पानावर अधिकृत उपकरणांच्या यादीतून तो काढा, आणि त्यानंतर डिस्क पूर्ण पुसा. डिस्क पुसायला दुकानात आणलीत तर तुमच्यासमोर पुसून देऊ. येताना स्टिकर काढू नका, त्यावरून आम्हाला कोणती जोडणी होती ते कळतं. पासवर्ड मात्र फोनवर, व्हॉट्सॲपवर किंवा चिठ्ठीवर आम्हाला कधीही पाठवू नका. आमच्या नावाने कुणी मागितला, तर फोन ठेवून द्या आणि बिलावरच्या नंबरवर आम्हाला कळवा.