आउटबोर्डचा कार्ब्युरेटर वाहतो आहे, की इंजिनच ओव्हर झाले आहे?

होडीच्या मागे लावलेली जुनी टू-स्ट्रोक आउटबोर्ड मोटर कितीही दोरी ओढली तरी सुरू होत नाही, प्लग काढावा तर तो पेट्रोलने चिंब भिजलेला निघतो, कव्हर उघडताच वासाचा भपकारा येतो आणि मोटरखालच्या पाण्यावर रंगीत तवंग दिसू लागतो. एवढे पाहिले की बहुतेक जण पाने-पेचकस घेऊन थेट कार्ब्युरेटर (पेट्रोल हवेत मिसळून इंजिनाला देणारा भाग) उतरवायला बसतात, आणि ते बहुधा घाईचे ठरते. कारण हीच लक्षणे दोन अगदी निरनिराळ्या बिघाडांत दिसतात. एकात कार्ब्युरेटरला आत येणारे पेट्रोल अडवता येत नाही. दुसऱ्यात कार्ब्युरेटर निर्दोष असतो आणि चोक (हवेची वाट अडवणारी झडप) लावून वारंवार दोरी ओढल्यामुळे इंजिनात न जळलेले पेट्रोल साचलेले असते, म्हणजेच ते ओव्हर झालेले असते. पहिल्या बिघाडात मोटर बंद असतानाही पेट्रोल वाहू शकते, तर दुसऱ्यात दोरी ओढल्याखेरीज थेंबही पुढे सरकत नाही. सगळे निदान या एका फरकावर उभे आहे.

कार्ब्युरेटरच्या फ्लोट चेंबरमध्ये पेट्रोल ठरावीक पातळीला आले की त्यावर तरंगणारा फ्लोट वर उचलला जातो आणि नीडलला, म्हणजे सुईसारख्या झडपेला, तिच्या सीटवर दाबून वाट बंद करतो. नीडलच्या टोकावर झिजून कडे उमटले असेल, सीटवर कचऱ्याचा एखादा कण अडकला असेल किंवा फ्लोटमध्येच पेट्रोल शिरून तो जड झाला असेल, तर ही वाट पुरती बंद होत नाही. पातळी चढत जाते आणि पेट्रोल कार्ब्युरेटरच्या तोंडातून बाहेर पडते. फार जुन्या मोटरींत बुचाच्या लाकडाचा फ्लोट असतो. त्यावरचा लेप इथेनॉलमिश्रित पेट्रोलने सुटू शकतो आणि मग बूच पेट्रोल शोषू लागते, म्हणून असा फ्लोट दिसायला धडधाकट असला तरी त्याच्यावर फारसा भरवसा ठेवू नये.

इंजिन ओव्हर होण्याची गोष्ट याहून साधी आहे. चोक बंद असताना प्रत्येक ओढीबरोबर इंजिन हवा कमी आणि पेट्रोल जास्त खेचते. पहिल्या काही ओढींत ठिणगीने ते पेटले नाही तर क्रँककेस (इंजिनाच्या फिरत्या दांड्याभोवतीची पोकळी) आणि सिलिंडर ओले होतात, आणि ओल्या प्लगवर ठिणगी आणखीच दुबळी पडते. कित्येकदा मूळ दोष पेट्रोलचा नसतोच: ठिणगी पाडणारे पॉइंट काळवंडलेले असतात किंवा कॉइल थकलेली असते, आणि भिजलेला प्लग हा त्याचा नुसता परिणाम असतो.

दोन्हींतला भेद पाहण्यासाठी कार्ब्युरेटर खोलावा लागत नाही. त्याच्या तोंडावरचे हवेचे झाकण काढावे, चोक उघडा ठेवावा आणि मोटर सरळ उभी असताना टाकीच्या नळीवरचा रबरी प्रायमर बल्ब, त्याचे मोटरकडचे टोक वर धरून, कडक होईपर्यंत दाबावा. दोरीला हात लावू नये. नीडल नीट बसत असेल तर बल्ब कडक होतो आणि कार्ब्युरेटरचे तोंड कोरडे राहते. तसे असूनही प्लग भिजत असतील तर चोक पूर्ण उघडतो का आणि ठिणगी कशी पडते, हे आधी तपासावे. उलट, बल्ब दाबत राहावे तरी तो मऊच राहतो आणि तोंडातून पेट्रोल ठिबकू लागते, तर दोष नीडल, सीट किंवा फ्लोटचा आहे. बल्ब हळूहळू मऊ पडतो पण कुठेच थेंब दिसत नाही, असे झाले तर पेट्रोल बहुधा बल्बच्या झडपेतून टाकीकडे परत जात असते. ही चाचणी उघड्या हवेत करावी, कारण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने ती होडीच्या तळाशी साचून राहते.

ओव्हर झालेले इंजिन मोकळे करताना पेट्रोलची नळी सोडवावी, प्लग काढावेत, त्यांच्या वायरींची टोके इंजिनाच्या धातूला टेकवून अर्थ करावीत आणि मगच दोरी ओढून साचलेले पेट्रोल बाहेर फेकू द्यावे. वायरी मोकळ्या राहिल्या तर उडणाऱ्या फवाऱ्याशेजारीच ठिणगी पडू शकते. प्लग नुसता वाऱ्यावर वाळवून भागत नाही, कारण पेट्रोल उडून गेले तरी त्यात मिसळलेले तेल टोकावर राहते. तो पुसावा किंवा बदलावा.

कार्ब्युरेटरचाच दोष निघाला तर नीडल आणि सीट जोडीनेच बदलावीत. जुन्या सीटवर नवी नीडल क्वचितच नीट बसते. पितळी फ्लोट कानाशी हलवून पाहावा, आत पेट्रोल असेल तर खळखळ ऐकू येते. कार्ब्युरेटर उलटा धरला असता अनेक जुन्या नमुन्यांत फ्लोट गॅस्केटच्या पृष्ठभागाला समांतर राहावा लागतो, मात्र आपल्या मोटरीचे नेमके माप तिच्या पुस्तिकेतूनच घ्यावे. पातळी लावताना फ्लोटची पत्री जीभ वाकवावी, पण फ्लोट नीडलवर दाबून मुळीच वाकवू नये, नाहीतर तिचे रबरी टोक नवे असतानाच चेपते.

खोलाखोलीआधी टाकीवरही नजर टाकलेली बरी. झाकणावरचा हवेचा स्क्रू बंद ठेवून टाकी उन्हात राहिली तर आत दाब वाढतो आणि तो चांगल्या नीडललाही ढकलून पेट्रोल आत लोटतो. अशा वेळी स्क्रू सैल करताच वाहणे थांबते.

एक बिघाड मात्र या दोन्ही खणांत बसत नाही. बल्ब कडक होत नाही, कार्ब्युरेटरचे तोंड कोरडे असते आणि तरीही प्लग भिजतो. दोन सिलिंडरची मोटर असेल तर पुन्हा पुन्हा एकाच बाजूचा. अशा वेळी मोटरीतल्या, टाकीतून पेट्रोल खेचणाऱ्या पंपाचा पडदा फाटलेला असण्याची शक्यता मोठी असते. हा पंप क्रँककेसमधल्या दाबाच्या चढउतारावर चालतो, त्यामुळे पडद्याला भोक पडले की पेट्रोल कार्ब्युरेटरला वळसा घालून थेट त्या सिलिंडरच्या क्रँककेसमध्ये उतरते. पंप सोडवून पडदा उजेडासमोर ताणून धरला तर टाचणीएवढे भोकही दिसते.