राग खरा, नेम भलताच

एकमेकांना न दिसणारी दोन माणसं. पहिल्याच्या हाती 10 गुण दिलेले. खेळ संपला की गुणांचे रोख पैसे होणार. वाटणी पहिल्याने ठरवायची, दुसऱ्याने मान्य की अमान्य एवढंच सांगायचं. मान्य म्हणाला तर ठरल्याप्रमाणे वाटणी, अमान्य म्हणाला तर दोघांनाही भोपळा. 1982 साली वेर्नर ग्यूट आणि त्यांच्या जर्मन सहकाऱ्यांनी हा खेळ मांडला आणि तेव्हापासून तो जगभरच्या प्रयोगशाळांत खेळवला गेला आहे. निव्वळ फायदा बघणारा माणूस 1 गुणही मुकाट घेईल, कारण शून्यापेक्षा तो जास्तच. प्रत्यक्षात माणसं तशी वागत नाहीत. वाटा फार तोकडा वाटला की ती हातचं सोडतात, पण समोरच्यालाही मिळू देत नाहीत.

2003 साली आर्मिन फाल्क, अर्न्स्ट फेर आणि उर्स फिशबाखर यांनी यात एक छोटा बदल केला. पहिल्यासमोर दोनच पर्याय ठेवले. एक कायमचा: 8 मला, 2 तुला. दुसरा मात्र बदलता, आणि तो काय आहे हे समोरच्यालाही माहीत. दुसरा पर्याय 5-5 असा सरळ असूनही पहिल्याने 8-2 निवडलं, तेव्हा 44 टक्के लोकांनी ते धुडकावलं. पहिल्याला 8-2 खेरीज काही निवडताच येत नव्हतं, तेव्हा नकार 18 टक्क्यांवर उतरला. आणि 10-0 घेता येत असूनही त्याने 8-2 दिलं, तेव्हा नकार जेमतेम 9 टक्के. पदरात पडणारे गुण दर वेळी तेच, 2. फरक एवढाच, की समोरच्याला याहून बरं वागता आलं असतं का.

प्रस्थापित पक्षांवर आणि बड्या कंपन्यांवर जगभर जो राग उसळतो, तो समजून घ्यायला हे तीन आकडे मला कुठल्याही भाषणापेक्षा जास्त उपयोगी वाटतात. या रागाला सहसा 'गरिबांचा मत्सर' म्हणून उडवून लावलं जातं. पण माणसाचं मन आधी वाटा मोजत नाही, वाटणाऱ्याची नियत मोजतं. मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिना स्टारमन्स, मार्क शेस्किन आणि पॉल ब्लूम यांनी 2017 साली या विषयावरचे बरेच प्रयोग एकत्र मांडून हेच दाखवलं: लोकांना विषमता तितकीशी खुपत नाही, अन्याय खुपतो. कष्टाने किंवा निखळ नशिबाने कुणी पुढे गेलं तर माणसं ते चालवून घेतात. नियम वाकवून गेलं तर नाही.

आता हीच कसोटी आर्थिक संकटांना लावून पाहा. मान्वेल फुंके, मोरित्झ शुलारिक आणि क्रिस्टोफ ट्रेबेश या अर्थशास्त्रज्ञांनी 20 विकसित लोकशाही देशांच्या 1870 ते 2014 या काळातल्या 800 हून अधिक निवडणुका तपासल्या. बँका कोसळून आलेल्या संकटानंतरच्या पाच वर्षांत कडव्या उजव्या पक्षांची मतं सरासरी 30 टक्क्यांनी वाढलेली दिसली. साध्या मंदीनंतर मात्र तशी वाढ दिसली नाही. नोकऱ्या दोन्हीकडे जातात, मिळकत दोन्हीकडे घटते. मग फरक कशाचा? संशोधकांचा अंदाज असा, की साध्या मंदीकडे लोक आस्मानी म्हणून पाहतात, तर बँकांचं संकट त्यांना सुलतानी वाटतं. कुणाच्या तरी हावेपायी ते आलं, आणि वर त्यांनाच सरकारी तिजोरीतून सावरलं गेलं. म्हणजे 5-5 शक्य असताना 8-2.

राग आला की माणूस दोन गोष्टी करतो. पहिली म्हणजे स्वतःच्या खिशातून पैसे घालून शिक्षा करतो. फेर आणि सिमोन गेख्टर यांचा 2002 चा प्रयोग याबाबत प्रसिद्ध आहे. चौघांचा गट, प्रत्येकाकडे 20 एकक पैसे. सामायिक खात्यात टाकलेल्या प्रत्येक एककामागे चौघांनाही प्रत्येकी 0.4 एकक परत. सगळ्यांनी टाकले तर सगळ्यांचं भलं, पण स्वतः न टाकता इतरांच्या जिवावर जगणाऱ्याचं सर्वांत जास्त भलं. या फुकट्याला दंड करायची मुभा दिली: शिक्षा करणाऱ्याचं 1 एकक जाणार, फुकट्याची 3 जाणार. दर फेरीला गट बदलायचे, म्हणजे आज सुधारलेला माणूस उद्या आपल्या वाट्याला येणारच नाही. दंड करून स्वतःला दमडीचा फायदा नाही. तरी 240 जणांपैकी 84 टक्क्यांनी निदान एकदा तरी दंड केला. 'या मताने तुमचंच नुकसान होईल' हा युक्तिवाद रागावलेल्या मतदाराला का पटत नाही, याचं उत्तर इथे आहे. नुकसान होणार हे त्याला ठाऊक असू शकतं. शिक्षेची किंमत म्हणून ते त्याने आधीच मोजलेलं असतं.

दुसरी गोष्ट, तो जुगार खेळतो. जेनिफर लर्नर आणि डॅकर केल्टनर यांनी 2001 साली दाखवलं की घाबरलेल्या माणसाला धोके आहेत त्याहून मोठे दिसतात, तर रागावलेल्याला लहान. दोन्ही भावना नकोशाच, पण परिणाम उलटे. नोव्हेंबर 2015 मधल्या पॅरिसच्या दहशतवादी हल्ल्यांनंतर फ्रान्समध्ये झालेल्या अभ्यासात हेच मतपेटीच्या संदर्भात दिसलं: कडव्या उजव्या पक्षाकडे वळवणारी भावना भीती नव्हती, राग होता. भीतीने उलट पाय मागे ओढला. 'लोकांच्या भीतीचं राजकारण' हे आपल्या सगळ्यांच्या तोंडी बसलेलं स्पष्टीकरण त्यामुळे निदान अर्धवट तरी ठरतं. घाबरलेला माणूस ओळखीच्या हाताला धरून राहतो. कधीच सत्ता न चालवलेल्या पक्षावर डाव लावायला संताप लागतो.

पण हा राग ज्यावर आहे ते खरंच घडतं का? म्हणजे पैसेवाल्यांचं सरकार दरबारी जास्त चालतं का? इथे संशोधकांतच जुंपली आहे. मार्टिन गिलेन्स आणि बेंजामिन पेज यांनी अमेरिकेतले 1981 ते 2002 या काळातले 1,779 धोरणविषयक प्रश्न तपासले आणि 2014 साली निष्कर्ष काढला की श्रीमंत आणि संघटित व्यापारी गटांच्या मताला वजन आहे, सामान्य नागरिकाच्या मताला स्वतंत्र वजन जवळपास नाही. या निष्कर्षाने गदारोळ झाला. मग इतरांनी तीच माहिती पुन्हा चाळली, तेव्हा कळलं की श्रीमंत आणि मध्यमवर्ग यांचं जवळजवळ 90 टक्के प्रश्नांवर एकमतच होतं, आणि जिथे नव्हतं तिथे श्रीमंत 53 टक्के वेळा जिंकले, मध्यमवर्ग 47 टक्के वेळा. पारडं झुकलेलं आहे, पण 'सगळं विकलं गेलंय' म्हणण्याइतकं नाही.

मला स्वतःला त्याहून बोलका वाटतो तो जोशुआ कॅला आणि डेव्हिड ब्रूकमन यांचा 2016 मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग. एका राजकीय संघटनेने अमेरिकी काँग्रेसच्या 191 सदस्यांच्या कार्यालयांना भेटीसाठी पत्रं पाठवली. भेटायला येणारे सगळे स्थानिक मतदार होते आणि सगळ्यांनी निवडणुकीला देणग्याही दिल्या होत्या. चिठ्ठ्या टाकून ठरवावं तसं काही कार्यालयांना कळवलं, 'स्थानिक मतदार भेटू इच्छितात' आणि काहींना, 'स्थानिक देणगीदार भेटू इच्छितात'. बाकी मजकूर सारखा. देणगीदार हा शब्द दिसला तिथे लोकप्रतिनिधी किंवा त्यांचे वरिष्ठ अधिकारी तीन ते चारपट वेळा भेटीला उपलब्ध झाले. यात लाच नाही, पाकीट नाही, कायदा कुठेच मोडलेला नाही. फक्त दार उघडं मिळालं. आणि ज्याचं म्हणणं कानावर पडतं, त्याचीच अडचण मग खरी वाटू लागते.

कंपन्यांचा प्रभाव बहुतेक असाच बिनचेहऱ्याचा असतो. अर्थशास्त्रज्ञ मॅन्सर ऑल्सन यांनी 1965 साली त्यामागचं गणित मांडलं. एखाद्या आयातकरामुळे कोट्यवधी ग्राहकांचं प्रत्येकी किरकोळ नुकसान होतं आणि मोजक्या उत्पादकांचा प्रचंड फायदा. ग्राहकाने त्यासाठी मोर्चा काढणं परवडत नाही. उत्पादकाने वकील, तज्ज्ञ आणि लॉबिंग करणारे पगारावर ठेवणं सहज परवडतं. कट रचावाच लागत नाही. राज्यशास्त्रज्ञ पेपर कलपेपर यांनी यात पुढची भर घातली: कंपन्या सर्वांत जास्त जिंकतात ते जिथे कुणाचं लक्ष नसतं तिथे. लेखापरीक्षणाचे नियम, कंपनी ताब्यात घेण्याच्या अटी, परिशिष्टातल्या व्याख्या. विषय पहिल्या पानावर आला की त्यांचं बळ घटतं.

इथेच खरी गोची आहे. शिक्षा करणारं आपलं मन नियत शोधतं, आणि नियत म्हटली की चेहरा लागतो. वाटणी माणसाने नव्हे, संगणकाने ठरवली आहे असं सांगितलं की लोक तोकडा वाटाही जास्त निमूटपणे घेतात, हे प्रयोगात वारंवार दिसलं आहे. म्हणजे परिशिष्ट क्रमांक 7 मधल्या पोटकलमावर माणूस संतापूच शकत नाही. मग राग चेहऱ्याच्या शोधात निघतो आणि सापडतात ते नेते, परकीय, स्थलांतरित, शेजारचा अल्पसंख्य. बेनेडिक्ट हेरमान आणि सहकाऱ्यांनी 2008 साली तोच दंडाचा खेळ 16 शहरांत खेळवला, तेव्हा एक अस्वस्थ करणारी गोष्ट समोर आली: काही शहरांत लोक फुकट्यांबरोबर सामायिक खात्यात जास्त टाकणाऱ्यांनाही झोडपत होते. जिथे कायद्याच्या राज्यावर विश्वास कमी, तिथे हे जास्त.

प्रस्थापित पक्ष या भरकटलेल्या रागाला आणखी जागा करून देतात. रिचर्ड कॅट्झ आणि पीटर मेअर यांनी 1995 साली वर्णन केल्याप्रमाणे, जुने पक्ष कार्यकर्त्यांच्या वर्गणीपेक्षा सरकारी अनुदानावर जगू लागले, सभासद घटले, आणि एकमेकांचे प्रतिस्पर्धी असूनही नव्यांना आत न येऊ देण्यात त्यांचं हित एकच झालं. मतदाराला 'सगळे एका माळेचे मणी' वाटतात ते उगाच नव्हे. मग जो कुणी 'इकडे निर्मळ जनता, तिकडे भ्रष्ट वरचा वर्ग' अशी सरळ रेघ ओढतो, त्याच्या हाती आयता श्रोता येतो. कास मुडे यांनी 2004 साली पॉप्युलिझमची व्याख्याच या रेघेवरून केली. ती रेघ ओढणारा डावा असू शकतो, उजवाही.

सत्तेत आल्यावर काय होतं, तेही मोजलं गेलं आहे. निवडणुका तपासणाऱ्या फुंके, शुलारिक आणि ट्रेबेश याच तिघांनी 1900 ते 2020 मधल्या 51 पॉप्युलिस्ट राष्ट्राध्यक्ष-पंतप्रधानांचा अभ्यास केला. पंधरा वर्षांनंतर त्या देशांचं दरडोई उत्पन्न, तसा नेता आला नसता तर जेवढं असतं त्यापेक्षा सुमारे 10 टक्क्यांनी कमी होतं, आणि विषमताही फारशी घटली नव्हती. शिक्षेची किंमत मोजली गेली, वाटणी मात्र सुधारली नाही.

तरी नेहमीच असं होतं असं नाही. 1892 साली अमेरिकेत नेब्रास्कातल्या ओमाहा इथे शेतकऱ्यांच्या पीपल्स पार्टीने आपला जाहीरनामा मांडला. राग रेल्वे कंपन्यांवर, बँकांवर आणि दोन्ही जुन्या पक्षांवर होता, पण मागण्या नेमक्या होत्या: उत्पन्नाप्रमाणे चढता आयकर, गुप्त मतदान, सिनेटरांची थेट जनतेकडून निवड. त्यांच्या उमेदवाराला 10 लाखांहून जास्त मतं मिळाली, सत्ता मिळाली नाही, आणि काही वर्षांत पक्ष विरघळला. 1913 मध्ये आयकराचा अधिकार आणि सिनेटची थेट निवडणूक या दोन्ही गोष्टी राज्यघटनेत आल्या.

त्याआधी 1907 साली कंपन्यांनी संघराज्याच्या निवडणुकांना देणग्या देण्यावर पहिली बंदी आली. विमा कंपन्या ग्राहकांच्या पैशातून राजकीय देणग्या देतात हे 1905 च्या चौकशीत उघड झालं होतं. अंमलबजावणीची यंत्रणा नसल्याने हा कायदा बरीच वर्षं कागदावरच राहिला, पण नेम अचूक होता. तो ज्याच्या नावाने ओळखला जातो ते बेंजामिन टिलमन हे साउथ कॅरोलायनाचे सिनेटर, गरीब गोऱ्या शेतकऱ्यांच्या संतापावर स्वार होऊन वर आलेले. कृष्णवर्णीयांच्या हत्याकांडात आपला हात होता हे ते अभिमानाने सांगत, आणि कृष्णवर्णीयांचा मताधिकार हिरावणारी 1895 ची त्यांच्या राज्याची घटना त्यांच्याच पुढाकाराने झाली होती.